अस्तित्वात नसलेला क्रमांक

माझ्या नणंदेला मी वन्सं म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा सगळ्यांनी ताई म्हणायला सांगितलं होतं. पण त्या स्वतःच म्हणाल्या, "ताई म्हणणारे पुष्कळ आहेत. वन्सं म्हणणारं कुणी उरलं नाही. तू म्हण." तेव्हापासून चोवीस वर्षं मी त्यांना अहो-जाहो करते आणि त्या मला अगं-तुगं करतात. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एका खोलीत त्या राहतात. जन्मापासून त्यांना दिसत नाही. वेताच्या खुर्च्या विणणं हे त्यांचं काम.

गिऱ्हाईक खुर्चीचा लाकडी सांगाडा आणून देतं, बैठकीची जाळी फाटलेली असते. वन्सं जुनी जाळी कापून काढतात, भोकं साफ करतात, वेताच्या पट्ट्या परातीत भिजत घालतात आणि मग सहा फेऱ्यांत आठकोनी जाळी उभी करतात. आधी उभी, मग आडवी, मग तिरपी. एक भोक चुकलं तर सगळी बैठक वाकडी होते. त्यांचं चुकत नाही. डोळे असलेल्यांची वीण त्यांनी बोटांनी तपासून उसवायला लावलेली मी पाहिली आहे.

प्रत्येक खुर्ची पुरी झाली की बैठकीच्या खाली, चौकटीच्या आतल्या बाजूला, त्या पत्र्याची एक बोटभर पट्टी ठोकतात. तिच्यावर त्यांचा फोन नंबर कोरलेला असतो. सव्वीस वर्षं तोच नंबर. शाळा, दवाखाने, नाटकघर, वकिलांची कार्यालयं, लोकांची घरं, कुठे कुठे त्या पट्ट्या गेल्या असतील याचा हिशेब नाही. जाळी पंधरा-वीस वर्षं टिकते. ती फाटली की माणूस खुर्ची उलटी करतो, नंबर बघतो आणि फोन करतो. दुकान नाही, पाटी नाही, जाहिरात नाही. तो नंबर म्हणजेच त्यांचं दुकान.

फोन साधा, बटणांचा. पाचच्या बटणावर बारीक उंचवटा असतो, त्यावर बोट ठेवलं की बाकीचे आकडे आपोआप कळतात. दोनचं बटण दाबून धरलं की मला लागायचा, तीनचं धरलं की यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला. हे बस चालवतात, मी शाळेच्या कार्यालयात कारकून आहे. दिवसा आम्ही दोघंही घरात नसतो, म्हणून ती सोय.

त्या बुधवारी मी मुलांचे दाखले लिहीत बसले होते. तीनच्या सुमाराला शाळेच्या फोनवर सरकारी दवाखान्यातून निरोप आला की तुमच्या नणंदेच्या हाताला टाके घातलेत, घेऊन जा.

झालं होतं असं. सकाळी अकराच्या सुमाराला वेताची जाड पट्टी चिरताना सुरी निसटली आणि डाव्या तळहातात घुसली. वन्संनी ओलं फडकं गुंडाळलं आणि दोनचं बटण दाबून धरलं. काहीच नाही. तीनचं धरलं. काहीच नाही. फोन एकदा टुक करायचा आणि गप्प व्हायचा. त्यांना वाटलं, रक्ताने बटणं चिकटली. त्यांनी फोन पुसला, पुन्हा दाबला. असं किती वेळ केलं ते त्यांनाच आठवत नाही. शेवटी डोकं हलकं व्हायला लागलं तेव्हा कठड्याला धरून चार मजले उतरल्या. तळमजल्यावरचा शिंपी दुकान टाकून त्यांना घेऊन धावला. माझा नंबर त्यांनी कधी पाठ केला नव्हता, एक बटण पुरत होतं. शाळेचा मात्र जुन्या सवयीने तोंडपाठ होता, म्हणून दवाखान्याला सांगता आला.

सात टाके पडले होते. वन्सं बाकावर बसून होत्या. माझ्या पावलांवरून मला ओळखून म्हणाल्या, "फोन बिघडला गं. तुझ्या नवऱ्याला म्हणावं जरा बघ."

घरी आल्यावर यांनी बॅटरी काढून घातली. फोन ठणठणीत होता. मी सहज संदेशांची पेटी उघडली आणि पाहते तर एक्केचाळीस संदेश, एकही न उघडलेला. सगळे फोन कंपनीचे. पहिला सहा महिन्यांपूर्वीचा. प्रिय ग्राहक, आमची जुनी सेवा लवकरच बंद होत आहे, कृपया नवीन फोन घेऊन आपला क्रमांक मुदतीत नव्या सेवेवर वळवून घ्यावा. मग शेवटचे नव्वद दिवस, शेवटचे तीस दिवस, शेवटचा आठवडा. अखेरचा संदेश मंगळवारी रात्रीचा होता. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.

मी ते मोठ्याने वाचून दाखवत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. वन्सं शांतपणे ऐकत होत्या.

"अधूनमधून टिंग व्हायचं खरं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, काहीतरी विकतायत."

"न दिसणाऱ्या माणसाला एक्केचाळीस वेळा लेखी कळवलं. एकदा फोन केला असता तर हात झडला असता का त्यांचा?"

"माझाच झडणार होता," वन्सं म्हणाल्या. हे हसले. मला हसू आलं नाही.

शनिवारी आम्ही दोघी कंपनीच्या दुकानात गेलो. काचेचे दरवाजे, काचेची टेबलं, काचेखाली काचेचे फोन. काउंटरवरची बाई गोड बोलत होती. बटणांचे फोन आता येत नाहीत म्हणाली. पण काळजी करू नका, या फोनमध्ये वाचून दाखवायची सोय आहे, न दिसणारे लोक हाच वापरतात, अगदी सोपं आहे.

ते खोटं नव्हतं. वन्संच्या ओळखीतले एक संगीतमास्तर आहेत, त्यांनाही दिसत नाही, आणि ते काचेच्या फोनवर इतक्या भराभर बोटं चालवतात की बघत राहावं. दुकानाच्या तात्पुरत्या नंबरावर तो फोन घरी आणून वन्संनीही शिकायचं मनावर घेतलं. आडमुठेपणा त्यांच्या स्वभावातच नाही. पण अडचण कुणालाच सुचली नव्हती अशी निघाली. तीस वर्षं वेत ओढून त्यांच्या बोटांची टोकं चामड्यासारखी झाली आहेत. काचेला ती बोटं बोटं वाटतच नव्हती. त्या टेकवायच्या, फोन ढिम्म. पुन्हा टेकवायच्या, ढिम्म. मग एकदम भलतंच काहीतरी उघडायचं. एकदा सकाळी सहाला त्यांनी मला लावायला घेतलेला फोन आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना लागला. बाईंनी सोमवारी मला विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

आम्ही फोन घेऊन परत दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईने वन्संचं बोट धरून काचेवर ठेवून पाहिलं.

"बोट जरा ओलं करून बघा," ती म्हणाली. "किंवा मलम लावत जा. कातडी मऊ होईल."

"कातडी मऊ झाली तर वेत बोटं कापेल," वन्सं म्हणाल्या. "एक हात कापून झालाय."

"मग घरच्यांना लावून द्यायला सांगायचं."

"घरचे घरी असते तर फोन कशाला लागला असता?"

मी नंबराचं विचारलं. ती संगणकात बघून म्हणाली, मुदतीत नव्या सेवेवर वळवून घेतला नाही म्हणून तो रद्द झालाय. नवीन देते, छान लक्षात राहणारा देते. वन्संनी विचारलं, "तो सगळ्या खुर्च्यांच्या खाली जाऊन कोण ठोकणार? तुम्ही?" तिला अर्थातच काही कळलं नाही, आणि आमच्यामागे रांग वाढत होती. आम्ही काचेचा फोन तिथेच ठेवून निघालो.

त्यानंतर मी अर्ज लिहायला सुरुवात केली. अर्ज हे माझं रोजचं काम आहे, कुणाकडे कसा पाठवायचा ते मला कळतं. मी तीन लिहिले. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. तिसऱ्याला आलं, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. कुणी सोडवली, कशी सोडवली, काही पत्ता नाही. ग्राहक सेवेला फोन केला तर एक आवाज यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा म्हणत अर्धा तास फिरवायचा आणि शेवटी कापायचा.

"जाऊ दे गं," हे म्हणाले. "जग पुढे जातं. माझ्या बसचं नाही का, तिकिटं फाडणारा माणूस गेला, आता यंत्र आलं."

"त्या माणसाला निदान समोर बसवून सांगितलं होतं ना, की उद्यापासून येऊ नकोस?"

हे म्हणाले, "हो. साहेबांनी स्वतः सांगितलं होतं."

दोन महिन्यांत वन्संच्या खोलीतले सांगाडे संपले. पूर्वी दारापासून खिडकीपर्यंत वाट काढत जावं लागायचं, आता खोली मोकळी आणि त्या मधोमध बसलेल्या. हात भरून आला होता, पण कामच नव्हतं. एकदा बाजारात मला नाटकघराच्या व्यवस्थापक बाई भेटल्या. दर दोन-तीन वर्षांनी त्यांच्या आठ-दहा खुर्च्या आमच्याकडे यायच्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुमच्या नणंदबाईंचं कळलं. वाईट वाटलं हो."

"काय कळलं?"

"फोन केला होता. नंबर अस्तित्वात नाही म्हणाले. मग आम्ही समजून घेतलं."

मी त्यांना सांगितलं की त्या जिवंत आहेत, घरी आहेत, चहा पीत बसल्या असतील. त्या बिचाऱ्या फार ओशाळल्या. खुर्च्या मात्र एव्हाना दुसरीकडे गेल्या होत्या. घरी येईपर्यंत मी ठरवत होते की हे वन्संना सांगायचं नाही, आणि दारात पाऊल टाकताच सांगून टाकलं. त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मेल्यावर निदान लोक एकदा घरी येऊन जातात. हे काही धड मरणंसुद्धा नाही." त्यांचा आवाज असा मी पूर्वी ऐकला नव्हता.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी, एक गृहस्थ जिना चढून आले. पन्नाशीचे, घामाघूम. मी वन्संकडेच होते.

"खुर्च्या विणणाऱ्या बाई इथेच राहतात का? अहो, किती शोधलं तुम्हाला. लाकडाच्या बाजारात चार दुकानं पालथी घातली. तुमचा फोन लागत नाही."

वन्संनी त्यांना बसायला सांगितलं. ते म्हणाले, आमच्या मुख्य कार्यालयात संचालकांच्या बैठकीच्या खोलीत बारा वेताच्या खुर्च्या आहेत. जाळ्या गेल्यात. खाली पट्टीवर नंबर सापडला, वीस वर्षांपूर्वी तुम्हीच विणल्यात.

"कुठलं कार्यालय?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं. तीच कंपनी. ते तिथे इमारतीची देखभाल बघायचे. माझ्या तोंडून काहीतरी वेडंवाकडं निघणार होतं, पण वन्संनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"साहेब, तुमच्या फोनवरून तो नंबर पुन्हा एकदा लावता का? मोठ्या आवाजावर."

त्यांनी लावला. एक तरतरीत बाई बोलली, आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही. कृपया क्रमांक तपासून पाहा.

"हा आवाज कुणाचा?" वन्संनी विचारलं.

"आमच्याच कंपनीचा," ते म्हणाले, आणि मग त्यांच्या आवाजात फरक पडला. "काय झालंय?"

आम्ही सगळं सांगितलं. तळहाताची खूण दाखवली, एक्केचाळीस संदेश दाखवले, माझे तीन अर्ज दाखवले. ते मान खाली घालून वाचत होते. शेवटी म्हणाले, "बाई, मी देखभालीत आहे. हे खातं माझ्याकडे नाही."

"ठीक आहे. मला एक सांगा. त्या खुर्च्या किती जुन्या?"

"साठएक वर्षं."

"मग टाकून नव्या का घेत नाही?"

"चांगल्या आहेत हो. सांगाडे मजबूत आहेत. नुसती जाळी गेलीय, ती बदलली की झालं."

"माझा फोनही चांगला होता," वन्सं म्हणाल्या. "मीही चांगली आहे. आम्हाला मात्र टाकलंत."

ते गृहस्थ चहा न घेता गेले. मला वाटलं, आता हे कशाला तोंड दाखवतात. पण चौथ्या दिवशी संध्याकाळी ते परत आले. आम्ही आपसात त्यांचं नाव खुर्चीसाहेब ठेवलं होतं. त्यांनी खिशातून घडी केलेला एक कागद काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वाचा."

तो वन्संच्या खात्याचा जुना उतारा होता, एकोणीस वर्षांपूर्वीचा. नाव, पत्ता, नंबर आणि खाली शेरा: ग्राहक दृष्टिहीन, सर्व सूचना फोन करून तोंडी द्याव्यात.

मी तो दोनदा वाचला. "म्हणजे कंपनीला माहीत होतं."

"माहीत होतं. जुन्या नोंदवहीत या शेऱ्यासाठी वेगळा रकाना होता. पाच वर्षांपूर्वी सगळा कारभार नव्या संगणकप्रणालीवर नेला. नव्या प्रणालीत तो रकाना ठेवला नाही. कुणीतरी म्हणालं, फारसा वापर होत नाही."

"त्या रकान्यात किती जण होते?" वन्संनी विचारलं.

"तीनशे बारा," खुर्चीसाहेब म्हणाले.

वन्संनी हात पुढे करून तो कागद मागितला. त्यांना तो वाचता येणार नव्हता, तरी त्या त्यावरून बोटं फिरवत राहिल्या. "मी एकटीच वेंधळी, असं वाटत होतं मला," त्या म्हणाल्या. "इतके महिने रोज वाटत होतं."

पुढच्या आठवड्यात कंपनीने आम्हाला बोलावून घेतलं. ग्राहक विभागाचे प्रमुख होते आणि जनसंपर्काच्या बाई होत्या. प्रमुख म्हणाले, नजरचुकीने थोडा कानाडोळा झाला, आम्ही दिलगीर आहोत.

"माझ्याकडे नुसता कानच आहे," वन्सं म्हणाल्या. "म्हणून मला कानाडोळा करता येत नाही. तुम्हाला छान जमतो."

त्यांनी नंबर परत द्यायची तयारी दाखवली. गोदामातून नव्या सेवेवर चालणारा बटणांचा फोनही काढून देऊ म्हणाले. म्हणजे असे फोन होते. होते आणि दुकानात ठेवत नव्हते, कारण काचेचे खपवायचे होते. जनसंपर्काच्या बाई म्हणाल्या, फोन देतानाचा एक छोटासा फोटो घेऊ, लोकांपर्यंत चांगला संदेश जाईल.

"आणखी एक संदेश," वन्सं म्हणाल्या. "बाकीच्या तीनशे अकरा जणांचं काय?"

प्रमुखांनी एकदम विचारलं, हा आकडा तुम्हाला कुणी दिला. वन्संनी सांगितलं नाही. बाकीच्यांचा विषय विचाराधीन आहे, असं उत्तर मिळालं. तेव्हा त्या उठल्या. फोन टेबलावरच राहिला. मला मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. नंबर मिळत होता, काम परत सुरू झालं असतं. मी त्यांच्या कानात म्हटलंही, "वन्सं, आपलं तरी करून घेऊ या." त्यांनी माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाल्या, "दार कुठल्या बाजूला आहे ते सांग."

बारा खुर्च्यांचं काम गेलं. कंपनीने त्यांवर दुसऱ्या कुणाकडून यंत्रावरची तयार जाळी चिकटवून घेतली. आम्ही ग्राहक तक्रार मंडळाकडे गेलो. अर्ज मी लिहिला. इतका चांगला अर्ज मी नोकरीतसुद्धा लिहिला नसेल. तीन तारखा पडल्या. दोन वेळा कंपनीचा वकील आलाच नाही. तिसऱ्या वेळी आला आणि म्हणाला, हा उतारा खरा आहे कशावरून, तो यांना मिळाला कुठून.

मागच्या बाकावरून आवाज आला, "मी दिला." खुर्चीसाहेब उभे होते. रजा टाकून आले होते. आपलं नाव, हुद्दा, सगळं त्यांनी सांगितलं आणि पुढे म्हणाले की मूळ नोंदवही तळघरात आहे, कपाट मी दाखवतो. महिन्याभरात त्यांची बदली झाली, घरापासून चार तास लांब. ते कधी त्याबद्दल बोलले नाहीत. मला यांच्याकडून कळलं, कारण यांच्याच बसमधून ते सामान घेऊन गेले.

मंडळाने हुकूम दिला. कंपनीने त्या यादीतल्या प्रत्येकाच्या घरी माणूस पाठवायचा, नंबर परत द्यायचा आणि चालेल असा फोन द्यायचा. चार महिन्यांनी अहवाल आला. तो मी वन्संना वाचून दाखवला. दोनशे सहा जण सापडले, त्यांना नंबर मिळाले. एकसष्ट जण सापडले, पण त्यांचे नंबर एव्हाना दुसऱ्यांना देऊन झाले होते. पंचेचाळीस जणांचा पत्ताच लागला नाही.

"म्हणजे गेले?" वन्संनी विचारलं.

"तसं लिहिलेलं नाही. 'संपर्क होऊ शकला नाही' एवढंच आहे."

"माझ्याशीही होऊ शकला नव्हता."

वन्संचा नंबर दोनशे सहामध्ये होता. फोन सुरू झाला त्या दिवशी मी खालून आमच्या घरातून लावला आणि त्यांनी घेतला. दोघींनाही काय बोलावं सुचेना. पहिल्या आठवड्यात दोनच फोन आले, त्यातला एक चुकून लागलेला. बाकीची गिऱ्हाइकं हळूहळू येतील किंवा येणार नाहीत. वर्षभरात लोकांना प्लास्टिकच्या खुर्च्यांची सवय होते.

प्रकरण बंद करायला मंडळाच्या कार्यालयात सही करायला बोलावलं होतं. तिथल्या कारकुनाने छापील कागद पुढे सरकवला. वन्सं सही करण्याआधी म्हणाल्या, "वाच." मी वाचला. शेवटची ओळ होती, तक्रारदाराचे पूर्ण समाधान झाले आहे.

"झालं आहे का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"मग ते काढायला सांग."

कारकून म्हणाला, "ते छापील असतं हो. सगळ्यांनाच तसं असतं. त्याशिवाय प्रकरण बंद होत नाही."

"नाही झालं तर नको होऊ दे," वन्सं म्हणाल्या.

तो माझ्याकडे बघत राहिला. मीही कारकून आहे, त्याची अडचण मला कळत होती. छापील ओळ खोडायची नसते हे मी स्वतः कितीतरी लोकांना खिडकीतून सांगितलेलं आहे. मी पर्समधून पेन काढलं, पट्टी मागून घेतली, ती ओळ सरळ रेघ मारून खोडली, बाजूला बारीक अक्षरात 'खोडले, मान्य नाही' असं लिहिलं आणि कागद वन्संच्या बोटांखाली सरकवून सहीची जागा दाखवली.